दोन समीकरणं, दोन अज्ञातं: दहावीच्या मुलांचे आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

कोल्हापुरात दहावीच्या मुलांना बीजगणित शिकवताना जे प्रश्न दर वर्षी हटकून येतात, ते इथे एकत्र केले आहेत. 'दोन चलांतील रेषीय समीकरणे' हा गणित भाग १ मधला पहिलाच धडा. जूनमध्ये हा नीट बसला तर वर्षभर बीजगणिताची धास्ती राहत नाही, म्हणून मी त्यावर इतर धड्यांपेक्षा जास्त वेळ घालवतो. पाठ्यपुस्तकात चलांसाठी एक्स आणि वाय असतात. इथे क्ष आणि य लिहिले आहेत. बिलं, वजनं आणि वेळा उदाहरणापुरत्या मनाने घेतल्या आहेत. राधानगरी धरणाचे आकडे मात्र खरे आहेत.

एकसामयिक समीकरणं म्हणजे नेमकं काय?

पावसाळ्यात राधानगरी धरण भरलं की बातमी येते: चार स्वयंचलित दरवाजे उघडले, वीजगृहासह एकूण विसर्ग ७११२ क्युसेक (सेकंदाला इतके घनफूट पाणी). काही तासांनी पाचवा दरवाजा उघडतो आणि आकडा होतो ८५४०. एका दरवाजातून किती पाणी सुटतं आणि वीजगृहातून किती, हे बातमीत वेगळं दिलेलं नसलं तरी काढता येतं.

एका दरवाजाचा विसर्ग क्ष आणि वीजगृहाचा य धरा.

४क्ष + य = ७११२
५क्ष + य = ८५४०

दुसऱ्यातून पहिलं वजा केलं की क्ष = १४२८. मग य = ७११२ − ५७१२ = १४००. दरवाजामागे १४२८ क्युसेक आणि वीजगृहातून १४०० क्युसेक.

या दोन ओळींत सगळा धडा आला. अज्ञात संख्या दोन आहेत आणि त्या दोन्ही वाक्यांत त्याच आहेत. पहिल्या ओळीतला क्ष आणि दुसऱ्या ओळीतला क्ष ही एकच संख्या. ती एकच आहे म्हणूनच वजाबाकी करायचा हक्क आपल्याला मिळतो: दोन बातम्यांमधला फरक म्हणजे बरोबर एक दरवाजा. पुढे येणाऱ्या लोप, आलेख, निश्चयक या सगळ्या पद्धती याच एका गोष्टीवर उभ्या आहेत.

मग एकाच समीकरणावरून उत्तर का काढता येत नाही?

कारण उत्तरं फार होतात. नुसतं ४क्ष + य = ७११२ हातात असेल तर क्ष = १५००, य = १११२ चालतं; क्ष = १७००, य = ३१२ सुद्धा चालतं. अशा अगणित जोड्या त्या समीकरणाची उकल आहेत आणि आलेखावर त्या सगळ्या एका रेषेवर बसतात. दुसरं समीकरण त्यातून एक जोडी निवडतं.

दोन्ही समीकरणं नीट मांडली, वजाबाकीही बरोबर केली, तरी उत्तर चुकीचं येऊ शकतं का?

येऊ शकतं, आणि हा प्रश्न विचारणाऱ्या मुलाचं मला फार कौतुक वाटतं.

राधानगरीच्याच बातम्या घ्या. वीजगृहाचा विसर्ग कायम १४०० नसतो. कधी तो १५०० असतो. तेव्हा सहा दरवाजे उघडले की एकूण आकडा १००६८ येतो, कारण ६ × १४२८ = ८५६८ आणि वर १५००. आता एखाद्याने एक बातमी आधीची घेतली आणि दुसरी नंतरची:

४क्ष + य = ७११२
६क्ष + य = १००६८

वजाबाकी केली: २क्ष = २९५६, क्ष = १४७८. मग य = १२००. दोन्ही संख्या पूर्ण, दोन्ही धन, ताळाही जुळतो. तरीही दोन्ही चूक. दरवाजातून १४७८ क्युसेक सुटत नाही आणि वीजगृहातून १२०० क्युसेकही नाही. पहिल्या ओळीतला य १४०० होता, दुसऱ्या ओळीतला १५००. आपण दोघांना एकच अक्षर दिलं. बीजगणिताने त्यावर हूं की चूं केलं नाही, कारण अक्षरामागे काय आहे ते त्याला दिसत नाही. ते बघायचं काम समीकरण मांडणाऱ्याचं.

परीक्षेत असा घोळ सहसा होत नाही, तिथे दोन्ही अटी एकाच परिस्थितीच्या असतात. पण दोन वेगळ्या आठवड्यांची भाजीची बिलं घेऊन कोणी टोमॅटोचा भाव काढायला बसला तर नेमकं हेच होणार.

चलाचा लोप करताना चिन्ह हमखास चुकतं. काय करावं?

सगळ्यात जास्त गुण इथेच जातात. एक उदाहरण सावकाश बघू.

४क्ष − ३य = १७ … (१)
२क्ष + ५य = १५ … (२)

क्ष घालवायचा आहे, म्हणून (२) ला २ ने गुणू: ४क्ष + १०य = ३० … (३). इथेच एक अडचण: काही मुलं डावी बाजू गुणतात आणि उजवीकडचे १५ तसेच ठेवतात. समीकरण गुणायचं म्हणजे तिन्ही पदं गुणायची.

आता (३) मधून (१) वजा करू. क्ष ची पदं गेली. य ची पदं: १०य मधून −३य वजा, म्हणजे १०य + ३य = १३य. वहीत मात्र ७य दिसतं. हात सवयीने १० मधून ३ काढतो, कारण डोळ्याला −३ मधलं उणे चिन्ह हेच 'वजा करायचं' चिन्ह वाटतं. चिन्हं दोन आहेत, एक पदाचं स्वतःचं आणि एक क्रियेचं, आणि आपण एकच वाचलं. उजवीकडे ३० − १७ = १३. म्हणून १३य = १३, य = १, आणि (२) वरून क्ष = ५.

७य लिहिलं असतं तर य = १३/७ आलं असतं. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणात असा विचित्र अपूर्णांक दिसला की एक ओळ मागे जाऊन बघा.

माझा आग्रह असा: वजाबाकी शक्यतो करूच नका. खालच्या समीकरणाला −१ ने गुणून सगळी चिन्हं बदला, नवीन ओळ पूर्ण लिहा आणि मग बेरीज करा. एक ओळ जास्त लागते, पण चिन्ह बदलणं आणि हिशेब करणं ही दोन कामं वेगळी होतात. दोन्ही एकदम मनात करायला गेलं की गडबड होते. पाठ्यपुस्तकात खाली कंसात चिन्हं बदलून दाखवतात ती रीतही हेच करते. पण घाईत मुलं पहिल्या पदाचं चिन्ह बदलतात आणि तिसऱ्याचं विसरतात.

लोप करायचा की एका चलाची किंमत दुसऱ्यात ठेवायची?

एखाद्या चलाचा सहगुणक, म्हणजे त्याला गुणणारी संख्या, १ किंवा −१ असेल तर किंमत ठेवणं सोपं. नसेल तर अपूर्णांक घुसतात, तेव्हा लोप बरा. प्रश्नात पद्धत सांगितली असेल तर मात्र तीच वापरायची.

सहगुणक उलटसुलट असतील तर मोठे गुणाकार करावेच लागतात का?

नाही, आणि या जागी मला एक जुनं उदाहरण सांगायला आवडतं. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्य नावाचे जैन गणिती होऊन गेले. त्यांच्या 'गणितसारसंग्रह' या ग्रंथात एक प्रश्न आहे: ९ म्हाळुंगं आणि ७ कवठं यांची मिळून किंमत १०७, आणि ७ म्हाळुंगं व ९ कवठं यांची १०१, तर एका म्हाळुंगाची आणि एका कवठाची किंमत किती? म्हाळुंग कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको, अंबाबाईच्या उजव्या खालच्या हातात तेच फळ आहे.

९क्ष + ७य = १०७
७क्ष + ९य = १०१

९ आणि ७ चा लसावि काढून ६३ करत बसू नका. आधी नुसती बेरीज करा: १६क्ष + १६य = २०८, म्हणजे क्ष + य = १३. मग नुसती वजाबाकी: २क्ष − २य = ६, म्हणजे क्ष − य = ३. आता क्ष = ८ आणि य = ५ तोंडी निघतं.

हे का जमतं ते बघा. एक म्हाळुंग आणि एक कवठ अशी जोडी बांधली तर दोन्ही खरेद्या मिळून १६ जोड्या होतात, त्यामुळे जोडीची किंमत लगेच कळते. आणि पहिल्या खरेदीत दोन कवठांच्या जागी दोन म्हाळुंगं जास्त आहेत, त्याचे ६ जास्त पडले. बेरजेला आणि वजाबाकीला असा अर्थ आहे हे एकदा उमगलं की ही युक्ती पाठ करावी लागत नाही. बोर्डाच्या पेपरात ९९क्ष + १०१य अशा धाटणीची उदाहरणं येतात, ती याच वाटेने सुटतात.

क्रेमरची पद्धत कशासाठी? लोप येतो ना!

गॅब्रिएल क्रेमर हे जिनिव्हाचे गणिती. त्यांनी १७५० मध्ये ही रीत प्रसिद्ध केली. तिचा फायदा असा की विचार आधीच करून ठेवलेला आहे. तुम्ही सहगुणक ठरलेल्या जागी भरायचे. सहगुणक अवघड असतील तेव्हा ती खरंच उपयोगी पडते.

७क्ष − ५य = ११
४क्ष + ३य = १८

चार संख्या चौकोनात मांडून तिरकस गुणाकारांची वजाबाकी केली की निश्चयक मिळतो. क्ष आणि य च्या सहगुणकांचा निश्चयक म्हणजे डी.
डी = ७ × ३ − (−५) × ४ = २१ + २० = ४१.
डीएक्स साठी क्ष च्या सहगुणकांच्या जागी उजवीकडच्या संख्या येतात: ११ × ३ − (−५) × १८ = ३३ + ९० = १२३.
डीवाय साठी य च्या जागी: ७ × १८ − ११ × ४ = १२६ − ४४ = ८२.

क्ष = १२३/४१ = ३, य = ८२/४१ = २.

दोन पथ्यं पाळा. पहिलं, दोन्ही समीकरणं आधी 'क्ष, य, बरोबर, स्थिरपद' या क्रमात आणा. ३य = १८ − ४क्ष असं दिलेलं असताना तसेच आकडे उचलले की पुढचं सगळं वाया. दुसरं, ऋण संख्येला कंस घाला. (−५) × ४ असं लिहिलं तर त्याच्या आधीचं वजा वेगळं दिसतं. कंस नसला की दोन उणे चिन्हांतलं एक हमखास हरवतं.

सूत्र कुठून आलं हे विचारणाऱ्यांसाठी: लोपाची पद्धतच संख्यांऐवजी अक्षरांवर चालवून बघा. पहिल्याला दुसऱ्यातल्या य च्या सहगुणकाने गुणा, दुसऱ्याला पहिल्यातल्या, आणि वजा करा. जे उरतं तेच डी आणि डीएक्स. हे घरी एकदा तरी स्वतःच्या हाताने करा. त्यानंतर 'कोणता कर्ण आधी' हा गोंधळ राहत नाही.

डी शून्य आला तर? उदाहरण चुकलं समजायचं का?

उदाहरण चुकलेलं नाही. त्या दोन समीकरणांतून एकच उत्तर निघत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

समजा, तुम्ही दोन मिसळ आणि तीन ताक घेतलंत, बिल २७० रुपये. दुसऱ्या दिवशी मित्रांसह गेलात: चार मिसळ, सहा ताक, बिल ५४०. दुसऱ्या बिलाने नवीन काहीच सांगितलं नाही, पहिल्याचं दुप्पट केलं एवढंच. आलेखावर दोन्ही रेषा एकावर एक पडतात आणि उकली अगणित असतात.

दुसऱ्या दिवशीचं बिल ५६० आलं असेल तर? पदार्थ दुप्पट, पैसे दुपटीहून जास्त. म्हणजे भाव बदलला किंवा बिल करताना गडबड झाली. एकाच भावाने दोन्ही बिलं खरी असूच शकत नाहीत. आलेखावर या समांतर रेषा, उकल नाही.

दोन्ही वेळा डी = २ × ६ − ३ × ४ = ०. फरक डीएक्स आणि डीवाय मध्ये दिसतो: पहिल्या वेळी तेही शून्य, दुसऱ्या वेळी नाहीत. म्हणून डी शून्य दिसला की भागायला जाऊ नका, उरलेले दोन निश्चयक काढा आणि वाक्यात निष्कर्ष लिहा.

आलेख काढताना दोन बिंदू पुरतात, मग तिसरा कशाला घ्यायचा?

रेषेला दोन पुरतात, तिसरा चूक पकडायला. दोन बिंदूंतून कायम सरळ रेषा जाते, मग त्यातला एक चुकलेला असला तरी. तिसरा त्या रेषेवर बसला नाही तर किंमत काढताना चूक झाली हे तिथल्या तिथे कळतं. अक्षांवर प्रमाण लिहायला विसरू नका, छेदनबिंदूचे निर्देशक लिहा आणि पेन्सिलीला टोक करून बसा. जाड रेषेवर छेदनबिंदू नेमका वाचता येत नाही.

एक गोष्ट पुस्तकाबाहेरची. क्ष + य = १० आणि क्ष + १.०१य = १०.०४ या रेषा जवळजवळ समांतर आहेत. उकल (६, ४). आता १०.०४ च्या जागी १०.०५ लिहा. उकल एकदम (५, ५) होते. दिलेल्या आकड्यात शतांशाचा फरक, उत्तरात अख्ख्या एकाचा. अशा दोन रेषा कागदावर काढल्या तर कुठे छेदतात ते डोळ्याला ठरवताच येत नाही. मोजमापावरून आलेल्या समीकरणांत याची फार काळजी घ्यावी लागते, कारण प्रत्येक मोजमापात थोडी चूक असतेच.

शाब्दिक उदाहरण वाचलं की हात थांबतो. सुरुवात कुठून करायची?

बहुतेक मुलं समीकरणाच्या शोधात निघतात. तसं करू नका. आधी एकच प्रश्न विचारा: मला कोणत्या दोन संख्या माहीत नाहीत? त्या पूर्ण वाक्यात लिहा. गुळाच्या रव्यांचं (ढेपांचं) उदाहरण असेल तर 'रवे = क्ष' असं अर्धवट नको; '३० किलोच्या रव्यांची संख्या क्ष' असं हवं.

उदाहरण घेऊ. मार्केट यार्डात एका शेतकऱ्याने गुळाचे ५० रवे आणले, काही ३० किलोचे, काही १० किलोचे. एकूण वजन ९ क्विंटल. प्रत्येक प्रकारचे किती?

३० किलोच्या रव्यांची संख्या क्ष, १० किलोच्या रव्यांची संख्या य. आता एक युक्ती, जी सूत्रापेक्षा जास्त कामाची आहे: उत्तर अंदाजाने ठरवा आणि तपासा. समजा दोन्ही २५-२५. संख्या ५० झाली, ठीक. वजन? २५ × ३० + २५ × १० = १००० किलो. हवं होतं ९००. जुळलं नाही, पण तपासताना तुम्ही जो हिशेब केलात तेच समीकरण आहे. २५ च्या जागी क्ष आणि य लिहा:

क्ष + य = ५०
३०क्ष + १०य = ९००

दुसऱ्याला १० ने भागा: ३क्ष + य = ९०. पहिलं वजा करा: २क्ष = ४०. क्ष = २०, य = ३०. ज्याला अंदाज तपासता येतो त्याला समीकरण मांडता येतं. हे मी हुशार आणि कच्च्या, दोन्ही मुलांच्या बाबतीत बघितलं आहे.

इथला सापळा म्हणजे एकक. घाईत ३०क्ष + १०य = ९ लिहिलं जातं, कारण उदाहरणात ९ छापलेलं असतं. मग ३क्ष + य = ०.९ आणि क्ष = −२४.५५. उणे साडेचोवीस रवे! असं उत्तर आल्यावर लगेच थांबायचं. ते लिहून पुढच्या प्रश्नाला गेलेली वही बघितली की मला फार वाईट वाटतं, कारण गणित येत होतं, फक्त शेवटच्या ओळीकडे बघायचं राहिलं. राधानगरीच्या उदाहरणातली चूक लपून राहणारी होती, ही मात्र स्वतःहून समोर येते. तिचा फायदा घ्या.

दोन अंकी संख्येच्या उदाहरणात १०क्ष + य का?

५७ म्हणजे पाच दशक आणि सात एकक, ५ × १० + ७. अंक क्ष आणि य असले तर संख्या १०क्ष + य. नुसतं क्षय लिहिलं तर तो गुणाकार होतो. अंकांची अदलाबदल म्हणजे १०य + क्ष.

क्ष आणि य छेदात असतील तर ते रेषीय कसं?

ते रेषीय नसतं, करून घ्यावं लागतं. एक होडी ३० किमी प्रवाहाच्या दिशेने आणि १२ किमी प्रवाहाविरुद्ध ५ तासांत जाते; ४० किमी दिशेने आणि १८ किमी विरुद्ध ७ तासांत. होडीचा संथ पाण्यातला वेग क्ष, प्रवाहाचा य धरला तर वेळ म्हणजे अंतर भागिले वेग, म्हणून

३०/(क्ष + य) + १२/(क्ष − य) = ५
४०/(क्ष + य) + १८/(क्ष − य) = ७

१/(क्ष + य) ला म आणि १/(क्ष − य) ला न म्हणा. ३०म + १२न = ५ आणि ४०म + १८न = ७. पहिल्याला ३ ने, दुसऱ्याला २ ने गुणून वजा केलं की १०म = १, म = १/१०. मग न = १/६.

इथे मुलं थांबतात आणि खाली दोन रेघा मारतात. उत्तर अजून आलेलं नाही! म आणि न आपण सोयीसाठी आणले होते, विचारलेत वेग. म्हणून क्ष + य = १०, क्ष − य = ६. होडीचा वेग ताशी ८ किमी, प्रवाहाचा ताशी २ किमी.

ताळा करायला परीक्षेत वेळ कुठे असतो?

दोन ओळींचं काम आहे, कच्च्या कामासाठी ठेवलेल्या जागेत करा. पण दोन्ही समीकरणांत करा. ज्या समीकरणात किंमत ठेवून तुम्ही दुसरं चल काढलंत, तिथे उत्तर बहुतेक जुळणारच. चूक पकडायची असेल तर दुसऱ्यात ठेवून बघा. शाब्दिक उदाहरण असेल तर समीकरणातही नको, मूळ वाक्यात तपासा. समीकरणच चुकलं असेल तर ते फक्त तिथेच सापडतं.

तीन अज्ञातं असतील तर?

तीन समीकरणं लागतात आणि लोप दोनदा. ही पद्धत फार जुनी आहे. चीनमधल्या 'नऊ प्रकरणे' या प्राचीन गणितग्रंथाचं आठवं प्रकरण याच विषयावर आहे. त्यातलं पहिलं उदाहरण तीन प्रतींच्या धान्याचं: उत्तम प्रतीच्या ३, मध्यमच्या २ आणि हलक्या प्रतीच्या १ पेंढीतून ३९ मापं धान्य, २, ३, १ पेंढ्यांतून ३४, आणि १, २, ३ पेंढ्यांतून २६. उत्तरं सव्वानऊ, सव्वाचार आणि पावणेतीन. तिथे सहगुणक उभ्या रांगांत मांडून एकेक रांग दुसरीतून वजा करत जातात. क्रेमरच्या कितीतरी शतकं आधी. आजचे संगणक हजारो अज्ञातांची समीकरणं सोडवतात तेव्हा मुळात अशीच ओळींची वजाबाकी करतात. निश्चयकांची पद्धत तिथे फारच हळू पडते.

आपल्याकडेही एकाहून जास्त अज्ञातं हाताळायची जुनी रीत होती. त्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं देत. भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' ग्रंथात अनेकवर्ण समीकरणांचा वेगळा भाग आहे.

पालकांचा प्रश्न: आम्हाला गणित येत नाही, घरी मदत कशी करायची?

उत्तर तपासू नका, वाचून घ्या. मुलाने लिहिलेल्या प्रत्येक समीकरणावर बोट ठेवा आणि विचारा, 'हे मराठीत काय म्हणतंय?' '३०क्ष म्हणजे?' असं विचारल्यावर 'मोठ्या रव्यांचं मिळून वजन' हे उत्तर आलं, तर ते पोरगं तयार आहे. 'सरांनी असंच लिहिलं होतं' आलं, तर ते उदाहरण परत करायला हवं. यासाठी तुम्हाला गणित यायची गरज नाही.

हे खरंच कुठे लागतं?

पुराच्या दिवसांत सगळं कोल्हापूर पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारत असतं. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. समजा, सकाळी ८ वाजता पातळी ३६ फूट आहे आणि दुपारी २ वाजता ३७.५. पाणी एकाच वेगाने चढतंय असं मानलं, सकाळी ६ पासूनचे तास मोजले, सहा वाजताची पातळी य आणि ताशी वाढ क्ष धरली, तर

२क्ष + य = ३६
८क्ष + य = ३७.५

क्ष = ०.२५, य = ३५.५. म्हणजे ताशी पाव फूट. ३९ फुटांना १४ तास, रात्री ८ वाजता. ४३ फुटांना ३० तास, दुसऱ्या दिवशी दुपारी १२.

पण 'एकाच वेगाने' हे आपण मानलेलं आहे, नदीने कबूल केलेलं नाही. पाणी पात्राबाहेर पडून शेतांत पसरलं की तेवढ्याच पाण्याला पातळी कमी चढते. उलट कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्यांच्या खोऱ्यांत पावसाचा जोर वाढला किंवा राधानगरीतून विसर्ग वाढवला, तर पाणी आणखी झपाट्याने चढतं. म्हणून रात्री ८ चा अंदाज थोडाफार धरता येईल, दुसऱ्या दिवशी दुपारचा नाही. नवा आकडा आला की समीकरणं नव्याने मांडायची. आणि घर सोडायची वेळ आपल्या वहीवरून ठरवायची नाही, प्रशासनाच्या सूचनेवरून ठरवायची.

सरावासाठी थोडी उदाहरणं द्याल का?

चार देतो, चारही वेगळ्या जातीची.

(अ) ६क्ष + ५य = ८ आणि ४क्ष − ३य = १८. लोपाने सोडवा, मग क्रेमरच्या पद्धतीने.
(आ) १३क्ष + १७य = ६९ आणि १७क्ष + १३य = ८१. एकही मोठा गुणाकार न करता.
(इ) ३क्ष − २य = ७ आणि ९क्ष − ६य = २०. उकल काढायच्या आधी दोन्हीकडे नीट बघा.
(ई) एका दोन अंकी संख्येच्या अंकांची बेरीज १२ आहे. अंकांची अदलाबदल केल्यावर येणारी संख्या मूळ संख्येपेक्षा १८ ने मोठी आहे. ती संख्या कोणती?

उत्तरं: (अ) क्ष = ३, य = −२. (आ) क्ष = ४, य = १. (इ) उकल नाही. पहिल्याला ३ ने गुणलं तर उजवीकडे २१ येतात, दिलेत २०. (ई) ५७.